सही

एकतीस मार्चला तिचा करार संपला
आणि एक एप्रिलला, बेचाळीस डिग्रीत,
अख्खं सोलापूर तिचं मॅनेजर झालं.

अशोक चौकातला सायकलवाला म्हणतो, रेल्वे.
रेल्वेच. सिकंदराबाद. क्वार्टर, पास, म्हातारपणाची सोय.
त्याला स्वतःला रेल्वेनं दोनदा नापास केलं होतं,
ते तो सांगत नाही.
कन्ना चौकात पैज लागलीय चेन्नईच्या बँकेवर,
एक किलो शेंगाचटणीची.
पुण्याचा नवा क्लब म्हणे मोटार देतोय,
कुणाच्या तरी मेहुण्यानं मोटारीचा रंगही पाहिलाय.

लावण्या इराबत्ती. सहा फूट एक इंच. डावखुरी.
विडी घरकुलातली.
दहावीत दाराची चौकट कपाळाला लागली
तेव्हापासून ती कुठंही शिरताना वाकते,
आणि मैदानावर आली की सरळ होते.
मी पाहिलंय. मी तिथला गुणलेखक,
सव्वीस वर्षं, पेन्सिलीनं.
चुन्याच्या रेषाही मीच मारतो.

मला विचारतात, मास्तर, तुम्हाला ठाऊक असणार.
मला ठाऊक आहे ते एवढंच:
मागल्या मोसमात शेवटच्या चार सेकंदांत
बॉल तिच्या हातात होता
आणि तिनं तो टाकला नाही, दिला.
जिला दिला तिचा चुकला.
मी सत्तर-एकाहत्तर लिहिलं, पराभवाखाली रेघ ओढली.
तिनं दिलेला तो पास कागदावर कुठंच नाही,
चुकलेल्या बास्केटला पासचं श्रेय नसतं.

तिची अम्मा दिवसाला हजार विड्या वळते.
ती म्हणते, जिथं दुपारचं जेवण देतात तिथं सही कर.
नाना यंत्रमागावर, टॉवेलच्या खात्यात.
ते काहीच म्हणत नाहीत.
मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेला माणूस
ऐकू न आल्याचं सोंग चांगलं वठवतो.
पण परवा रिंगला नवी जाळी दिसली,
टॉवेलच्या काठाच्या सुताची,
पांढऱ्यात एक लाल धागा चुकून आलेला.
चुकून नसावा.

काल संध्याकाळी ती आली.
ऊन अजून सिमेंटमध्येच होतं, चपलेतून वर येत होतं.
मी खुर्ची पुढं केली. बसली नाही.
‘रजिस्टर द्या,’ म्हणाली.
तिच्या पिशवीतून एक लांब खाकी पाकीट डोकावत होतं.
शिक्का कुणाचा ते दिसलं नाही,
खोटं कशाला बोलू, चष्मा पुसला, तरी दिसलं नाही.

रजिस्टर म्हणजे आमचं, बॉल नेल्या-आणल्याचं.
बाराव्या वर्षी तिनं त्यात पहिली सही केली होती
तेलुगूत, मग खोडून मराठीत,
आणि खाडाखोडीवरून मी तिला ओरडलो होतो.
काल तिनं लिहिलं:
बॉल एक. साइज सहा. वेळ सहा दहा.
पुढं सही. तेलुगूत.
खोडली नाही.

मग तासभर नुसता आवाज.
टप्पा, टप्पा, मग काहीच नाही,
मग सुताची सळसळ.
कुंपणाला लटकलेली पोरं:
‘काय बे, कुठं चाललीय म्हणं ती?’
‘मला काय विचारतो, हाय की समोर.’

अंधार पडला. तिनं बॉल टेबलावर ठेवला नाही.
बगलेत धरला, फाटकातून वाकून गेली,
आमच्या फाटकाला वर चौकट नाही,
तरी वाकून.

रजिस्टरात परतीचा रकाना कोरा.
नियमानं आज सकाळी पाच रुपये दंड लिहायला हवा होता.
मी बादलीत चुना कालवायला घेतला.
फ्री थ्रोची रेष
पार पुसट झाली होती.